धुराचा हात, समुद्राचा हात

संसदेचं कामकाज टीव्हीवर चालू असतं तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटासा चौकोन दिसतो. त्या चौकोनात काळा सदरा घातलेली एक बाई उभी असते, आणि सभागृहात जो कोणी जे काही बोलेल ते हातांनी सांगत असते. ऐकू येणाऱ्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे तेवढा चौकोनच. बाकीचे सिनेटर म्हणजे तिच्या मागचा पडदा. आमच्या वाल्पाराइसोत, म्हणजे जिथे देशाची संसद भरते त्या बंदराच्या शहरात, ती चौकोनातली बाई म्हणजे यास्ना ओयार्सून.

यास्नाचे आई-वडील दोघेही जन्मापासून बहिरे. वडील एलेउतेरिओ सुतार; बंदरातल्या होड्या आणि टेकडीवरच्या घरांची वाऱ्याने खिळखिळी झालेली दारं नीट करायचे. घरातली बोलणी सगळी हातांची. यास्ना आधी हातांनी बोलायला शिकली, तोंडाने बऱ्याच नंतर, तेही शेजारच्या बायकांकडून. त्यामुळे तिच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते माशांच्या जातींचे आणि शिव्यांचे. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर तिच्या बोटांत आधी यायचं, आणि बाई ओरडायच्या, "हात खाली!" दवाखान्यात, बँकेत, घरमालकासमोर वडिलांची जीभ तीच. एकदा डॉक्टरांनी वडिलांना बजावलं की सिगारेट आजपासून बंद. एवढीशी यास्ना वडिलांकडे वळली आणि गंभीर चेहऱ्याने हातांनी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात सिगारेट बंद, आणि मुलीला रोज आइस्क्रीम." तो अनुवाद वडिलांनी उन्हाळाभर इमानेइतबारे पाळला.

पुढे तिने या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, की दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, दुसऱ्याचं काही गाळायचं नाही, आणि स्वतःचं मत चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. यास्नाने हे व्रत असं काही घेतलं, जणू आइस्क्रीमचं पापच फेडते आहे. संसदेत कोणी रडो, कोणी मूठ आपटो, तिच्या चौकोनात सगळं जसंच्या तसं, पण यास्ना स्वतः कुठेच नाही. आईच्या पश्चात बाप-लेक दोघंच घरात. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर दुसऱ्यांचं बोलून माझे हात दुखतात. स्वतःसाठी बोलायला उरतच नाही काही."

मग हवामान बदलाचा कायदा आला.

देशोदेशी असे कायदे होत होते. मेक्सिकोने केला होता, कोलंबियाने केला होता, शेजारच्या पेरूनेही केला होता. आता आमची पाळी. कायद्याचा गाभा साधा होता: देश हवेत जेवढा कार्बन सोडेल तेवढाच परत शोषून घेईल, आणि ही बरोबरी २०५० पर्यंत साधायची. हा गाभा साधा असला तरी त्याला दिलेलं नाव मात्र मालगाडीसारखं लांब होतं. कार्बन-तटस्थता! आमच्या खुणांच्या भाषेत त्याला खूणच नव्हती. खूण नसली की शब्द एकेक अक्षर करून बोटांनी लिहून दाखवावा लागतो, आणि स्पॅनिशमध्ये तर त्या शब्दाला अक्षरं किती, विचारूच नका. यास्ना शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर सिनेटर पुढच्या वाक्यात तोच शब्द दोनदा म्हणून मोकळा. वर ते मास्कचे दिवस. निम्मे सिनेटर मास्कच्या आतून असे गुरगुरायचे की तो शब्द 'कार्बन-तटस्थता' आहे की 'कार्लोस, खुर्ची हटव' आहे, हेही कळू नये.

पहिल्या दिवसाचं कामकाज संपवून ती घरी आली तर वडील टीव्हीसमोर बसलेलेच.

"काय गं, आज स्वेटर विणत होतीस का टीव्हीवर?" त्यांनी विचारलं. अर्थात हातांनीच. या गोष्टीतली बहुतेक बोलणी हातांचीच आहेत, तेव्हा ते पुन्हा पुन्हा सांगत बसत नाही.

"बाबा, ती कार्बन-तटस्थता होती."

"असेल. पण बाह्या राहिल्या विणायच्या."

"समजलं का तुम्हाला काही?"

"एवढं समजलं की देश कसल्या तरी भयंकर लांब गोष्टीवर कायदा करतोय, आणि तुला संधिवात होणार आहे."

यास्ना हसली, पण रात्रभर तिला ते टोचत राहिलं. देशाच्या जंगलांचा, समुद्राचा, धुराड्यांचा कायदा होतोय, आणि तिच्या बापाला त्यातलं स्वेटर तेवढं दिसलं.

रविवारी ती वडिलांबरोबर टेकडीवरच्या कर्णबधिरांच्या क्लबमध्ये गेली. संध्याकाळच्या चहाला तिथे नेहमीच गर्दी. टेबलावर पाव, कुस्करलेला आवोकादो, कोणीतरी आणलेले गरमागरम एम्पनाडा, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या. क्लबच्या अध्यक्ष फ्रेसियाकाकू, सत्तरी ओलांडलेल्या शिंपीण. सगळ्यांचं लक्ष वेधायचं तर त्या दिव्याचं बटण खालीवर करतात. दिवा फडफडला की सगळ्यांनी हात खाली घ्यायचे, हाच आमचा 'शांतता राखा'.

दिवा फडफडला. यास्ना उभी राहिली.

"मला एक शब्द हवाय," ती म्हणाली. "शब्द मी बनवणार नाही, भाषा तुमची आहे. मी फक्त अर्थ सांगते." आणि तिने अर्थ सांगितला: वर जाणारा धूर, तो शोषून घेणारी जंगलं आणि समुद्र, आणि दोन्हींची बरोबरी.

पुढची पाच मिनिटं क्लबात जी काय हातघाई झाली! शाळेत शिकवणाऱ्या एका पोरीने तराजूची खूण सुचवली. सगळे म्हणाले, तराजू म्हणजे कोर्ट, लोकांना वाटेल सिनेटरांना अटक झाली. कोणीतरी म्हणालं, वाटलं तर वाटू दे. मागच्या बाकावरच्या जुळ्या बहिणींनी आधी हाताने एक ढग काढला, मग नाक दाबलं, मग 'गेलं' असा हात उडवला. सगळ्या खोलीने माना वळवून एका निवृत्त टपालवाल्याकडे पाहिलं.

"हा कायदा आधी याला लागू करा!" फ्रेसियाकाकू म्हणाल्या, आणि टपालवाला हसता हसता खुर्चीवरून घसरला.

मग एलेउतेरिओ उठले. म्हातारा सुतार, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. डाव्या हाताची बोटं हलवत त्यांनी धूर वर नेला. उजवा हात कोपरावर उभा केला, बोटं फांद्यांसारखी पसरली, आणि त्या फांद्यांनी धूर हळूच पकडून खाली ओढला. दोन्ही हात छातीपाशी एका पातळीवर येऊन थांबले. खोलीत कोणाचाच हात हलेना, इतकं ते देखणं होतं.

"झाड? आणि समुद्र काय रजेवर गेलाय?"

दारात एक माणूस उभा होता. पंचेचाळीशीचा, उन्हाने रापलेला, खांद्यावर कोचायुयोचा भारा. कोचायुयो म्हणजे आमच्या समुद्रातलं काळपट शेवाळ, वाळवलं की दोरखंडासारखं दिसतं, आणि त्याचा रस्सा झकास होतो. हा इसाउरो, उत्तरेकडच्या एका कोळीवाड्यातला, तोही बहिरा. महिन्यातून एकदा बसने येऊन क्लबच्या मंडळींना शेवाळ विकायचा. त्याच्या खुणांनाही समुद्राचा हेल होता. मोठ्या, आडव्या, जवळ बसलेल्याच्या कपातला चहा सांडेल अशा.

"तुम्हाला मध्ये बोलायला कोणी सांगितलं?" एलेउतेरिओ म्हणाले.

"समुद्राने. त्याला इथे कोणी बोलावलं नाही म्हणून मला पाठवलंय."

"झाड चांगलं दिसतं."

"तुम्ही सुतार ना? झाड दिसलं की तुम्हाला चांगलंच वाटणार! अहो, धूर आमचं पाणीपण गिळतं. दिवसरात्र गिळतं. त्याचं नाव नको कायद्यात?"

"माझं झाड मी पाडणार नाही."

"मग मी पाडतो," असं म्हणून इसाउरो पुढे झाला आणि त्याने म्हाताऱ्याचा उभा केलेला हात मनगटाला धरून खरंच खाली दाबला. एलेउतेरिओंनी जोर लावला. इसाउरोने लावला. हात थरथरत, लपलपत आडवा होत गेला, फांद्या झालेली बोटं सरळ होऊन डुलायला लागली, आणि दोघांची झटापट चालू असतानाच सगळ्या खोलीने एकदम हात वर केले.

"थांबा! तेच! तेच!"

झाडाची लाट झाली होती. उभा हात धुराला पकडतो, खाली येता येता आडवा होतो, समुद्रासारखा डुलतो, आणि धुराच्या हाताशी येऊन स्थिरावतो. यास्नाने करून पाहिली. एका श्वासात झाली. तिने पुन्हा केली, मग आणखी एकदा, नुसती गंमत म्हणून.

"मतदान!" फ्रेसियाकाकूंनी दिवा फडफडवला. "देशाचा शब्द आहे, मतदान होणार. एका माणसाला एकच मत. दोन्ही हात वर करू नका रे मेल्यांनो!"

मग सभा अशी काही रंगली की खऱ्या संसदेने येऊन शिकावं. टपालवाल्याने दुरुस्ती मांडली की धूर दोन बोटांचा असावा. जुळ्या बहिणींपैकी एकीने त्याला पाठिंबा दिला, दुसरीने विरोध केला आणि दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, म्हणजे हात खिशात घालून बसल्या. एलेउतेरिओ म्हणाले, समुद्र मान्य, पण सुरुवात झाडानेच व्हायला पाहिजे. इसाउरो म्हणाला, चालेल, पण शेवट आमच्याकडे येतो हे लक्षात ठेवा. खूण मंजूर झाली. शेवाळाचा सगळा भारा त्याच दिवशी विकला गेला.

जाताना इसाउरो यास्नापाशी थांबला.

"टीव्हीवाल्या बाई, पुढच्या आठवड्यात मी बघणार आहे. समुद्र नीट करा."

"मी नेहमीच सगळं नीट करते."

"म्हणूनच काळजी वाटते," तो म्हणाला.

त्या दिवसापासून कायद्यावर चर्चा असली की सभा संपल्या संपल्या यास्नाच्या फोनवर त्याची चित्रफीत यायची. मागे खडक, लाटा, आणि पुढे इसाउरो मान हलवत. "आज समुद्राला लकवा मारला होता." "आज बरा होता, पण झाड फार घाईत पाडलंस, बाबा रागावतील." एकदा नुसतं, "सदऱ्याचं बटण उघडं होतं. समुद्राचं लक्ष विचलित झालं." यास्ना संसदेच्या उपाहारगृहात एकटीच फोनकडे बघून हसायची, आणि मग भिंतीकडे तोंड करून, कोणी बघत नाही असं पाहून, त्याला झणझणीत उत्तर पाठवायची. ताटातला रस्सा गार व्हायचा. तिची जोडीदारीण, दर वीस मिनिटांनी तिच्या जागी उभी राहणारी दुसरी दुभाषी, म्हणाली, "यास्ना, तू कायद्यावर बोलतेयस की आणखी कशावर?"

"कलमांवर चर्चा चाललीय."

"कलमांवर कोणी असं लाजत नाही."

खूण मात्र सुसाट सुटली. दक्षिणेतल्या टोकाच्या गावातून कर्णबधिरांच्या एका गटाने चित्रफीत पाठवली: आमच्याकडे हिमनद्या आहेत, हात शेवटी थोडा गोठायला हवा. वाळवंटातल्या मंडळींनी विचारलं, आमच्याकडे झाडही नाही आणि समुद्रही लांब, आम्ही हात कुठे ठेवू? फ्रेसियाकाकूंनी सगळ्यांना एकच उत्तर धाडलं: "आधी कायदा होऊ दे, मग नखरे."

एके दिवशी तर कहर झाला. एका सिनेटर बाईंनी सभागृहातल्या पडद्यावर यास्नाची खूण पाहिली, त्यांना ती फार आवडली, आणि भाषणाच्या भरात, "आपण सगळ्यांनी मिळून हे करायचंय!" असं म्हणत त्यांनी ती स्वतः करून दाखवली. फक्त उलटी. समुद्र उसळून वर गेला आणि धूर दाणकन खाली बसला. यास्नाला चौकोनात उभं राहून चेहरा सरळ ठेवायचा होता. तिने दातांखाली गालाचा आतला भाग धरला, तरी एक भुवई निसटलीच. क्लबात तोवर मंडळींची हसून हसून मुरकुंडी वळली होती.

"बाई म्हणतायत समुद्र आकाशात जाणार आणि आभाळ खाली पडणार!" टपालवाला म्हणाला.

"चुकीचं काय आहे?" फ्रेसियाकाकूंनी डोळे पुसत विचारलं. "कायदा नाही झाला तर तेच होणार आहे."

शेवटच्या मतदानाचा दिवस उन्हाळा सरताना आला. हवा स्वच्छ होती, बंदरातली जहाजं खेळण्यातल्यासारखी चकचकीत दिसत होती. मतदानाच्या वेळी पाळी खरं तर जोडीदारणीची होती. यास्नाने तिची इतकी मनधरणी केली की ती म्हणाली, "बरं बाई, उभी राहा. तुझा चेहरा बघून मला तुझ्याच लग्नाला आल्यासारखं वाटतंय."

मतं पडत गेली. 'बाजूने', 'बाजूने', 'बाजूने', क्वचित एखादं 'विरोधात', आणि यास्नाचे हात प्रत्येकाला त्याचा न्याय देत होते. मग अध्यक्षांनी निकाल वाचला. कायदा मंजूर. तिने 'मंजूर' सांगितलं, मग कायद्याचं नाव सांगितलं, मग शेवटच्या वाक्यात तो शब्द आला: धूर वर गेला, झाडाने पकडला, झाडाची लाट झाली, लाट आणि धूर छातीपाशी येऊन थांबले.

आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्यांचाही अनुवाद करावा लागतो. आमच्या भाषेत टाळ्या म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन पंजे गरागरा फिरवायचे. यास्नाने हात वर नेले. पंजे फिरवले. सिनेटर उभे राहिले होते, बाकं वाजवत होते, कोणी कोणाला मिठ्या मारत होतं, आणि ती चौकोनात हात उंचावून उभी होती, पंजे फिरवत, फिरवत. कुठल्या क्षणी तो अनुवाद राहिला नाही हे तिलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळलं की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती या चौकोनात हजर होती. अख्खीच्या अख्खी. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. सिनेटर खाली बसले. टाळ्या थांबल्या. अध्यक्ष पुढचा विषय पुकारायला लागले. यास्नाचे पंजे आपले गरागरा चालूच.

नंतर दुभाष्यांच्या कक्षप्रमुख बाईंनी तिला खोलीत बोलावलं.

"यास्ना, टाळ्या थांबल्या होत्या."

"हो का?"

"बऱ्याच आधी थांबल्या होत्या."

यास्नाने सदऱ्याचं बटण चाचपलं. मग म्हणाली, "अनुवाद आहे ना, बाई. माझ्याकडे जरा उशिरा पोचतं सगळं."

बाईंनी ओठ घट्ट मिटले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाल्या, "जा आता इथून. मी हसायच्या आत जा."

त्या रविवारी क्लबात मेजवानी झाली. कोणी द्राक्षाची दारू आणली, कोणी केक, टपालवाल्याला मुद्दाम खिडकीजवळ बसवलं. बास ड्रम आणला होता. तो जमिनीवर आडवा ठेवून वाजवला की खालच्या लाकडी फळ्यांतून ताल तळपायांत चढतो, आणि मग कुएका, म्हणजे आमचा जोडीने करायचा रुमालाचा नाच, नाचायला कान लागतात कशाला? खालच्या मजल्यावरचा म्हातारा तक्रार घेऊन वर आला, दार ठोठावत बसला, कोणालाच ऐकू येईना. शेवटी स्वतःच आत आला आणि फ्रेसियाकाकूंनी त्याच्या हातात एम्पनाडा देऊन त्याला रिंगणात ओढलं.

इसाउरो हातात पांढरा रुमाल घेऊन यास्नासमोर उभा राहिला. कुएकात एक हात रुमाल फिरवण्यात गुंततो; बोलायला उरतो एकच.

"नाचतेस?" त्याने एका हाताने विचारलं.

"एका हाताने बोलणारी माणसं तोतरी वाटतात," तिने एका हाताने सांगितलं.

"म्हणजे हो?"

"म्हणजे रुमाल नीट धर."

नाचता नाचता तो काहीतरी म्हणाला. रुमाल मध्ये आल्यामुळे तिला अर्धंच दिसलं. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा रुमाल मध्ये आला. तिसऱ्यांदा त्याने रुमाल दातांत धरला आणि दोन्ही हातांनी, सगळ्या खोलीला दिसेल अशा त्याच्या आडव्या, मोठ्या खुणांनी विचारलं. ड्रम थांबला. जुळ्या बहिणी एकमेकींशी बोलायला लागल्या. एलेउतेरिओंनी टेबलावर हात आपटला, म्हणजे सगळ्यांना हादरा बसून सगळे त्यांच्याकडे बघतील.

"माझ्या मुलीला विचारतोयस की मला?" ते म्हणाले. "माझं झाड एकदा पाडलंयस तू."

"तुमच्या मुलीला."

"मग ठीक. मी विरोध करणार होतो, पण माझ्याकडे बहुमत नाही."

यास्नाने उत्तर दिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तिचं स्वतःचं मत इतकं स्पष्ट होतं की हात हलवायची गरजच नव्हती. तरी तिने हलवले. दोन्ही.

आता ती आठवड्याचे कामाचे दिवस वाल्पाराइसोत काढते आणि शनिवार-रविवार कोळीवाड्यात. वडीलही जातात मधूनमधून. तिथल्या होड्यांना सुतार हवाच होता, आणि इसाउरोला कोणाशीतरी भांडायला हवंच असतं. कायदा झाला म्हणजे काम संपलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आता त्याच्या पाठीमागून आराखडे येतात, नियम येतात, आणि रोज नवे लांबलचक शब्द येतात. गेल्या शनिवारी बसमध्ये दोघं 'अनुकूलन' या शब्दाला खूण काय असावी यावर भांडत होते. यास्ना म्हणत होती, वाऱ्यापुढे झुकणारं गवत. इसाउरो म्हणत होता, गवत नको, भरतीत खडकाला धरून डुलणारं शेवाळ. तिने गवत केलं, त्याने शेवाळ केलं, तिने त्याचं शेवाळ उपटलं, त्याने तिच्या गवतावर लाट आणली, सगळी बस वळून वळून बघत होती, आणि या नादात कोळीवाड्याचा थांबा मागे गेला, त्याच्या पुढचाही गेला, तेव्हा ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन आरशातून हातवारे करत विचारलं, "उतरायचंय की नाही तुम्हाला?"

दोघांनी एकदम हात वर करून त्याला थांबवलं. आधी शब्द ठरायचा होता.